मार्व्हल स्टुडिओजला खुले पत्र: आम्ही सुपरहिरोंना कंटाळलेलो नाही

प्रति,
श्री. केव्हिन फायगी,
अध्यक्ष, मार्व्हल स्टुडिओज

विषय: गोष्ट तयार होण्याआधी तारखा आणि चेहरे जाहीर करण्याच्या धोरणाबाबत

महोदय,

‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ १८ डिसेंबर २०२६ रोजी प्रदर्शित करण्याचे आपण जाहीर केले आहे आणि त्यात रॉबर्ट डाउनी ज्युनियर डॉक्टर डूम या खलनायकाच्या भूमिकेत परत येणार आहेत. २७ जुलै २०२४ रोजी सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात डाउनी यांनी मंचावर मुखवटा उतरवला, तेव्हा सभागृहात उसळलेला जल्लोष जगभरच्या चाहत्यांनी पाहिला. मला त्यात मनापासून सामील होता आले नाही. डाउनी यांनीच साकारलेल्या ज्या टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, मरणावर आपण अकरा वर्षांचे कथानक आणून थांबवले, त्याच माणसाचा चेहरा परत आणताना गोष्टीच्या अंगाने त्याचे कारण काय, याबद्दल एक शब्दही उच्चारला गेला नाही. पुढे मार्च २०२५ मध्ये आपण याच चित्रपटातील कलावंतांची नावे जाहीर केली, तीही खुर्च्यांच्या पाठींवर लिहून, पाच तासांहून अधिक चाललेल्या थेट प्रक्षेपणात. नावे कळली, पण इतके सगळे लोक कशासाठी एकत्र येत आहेत, हे काही कळले नाही.

मात्र या एका निर्णयापुरते हे पत्र नाही. गेल्या काही वर्षांत सुपरहिरोंचा एखादा चित्रपट पडला की ‘प्रेक्षकांना या प्रकाराचा कंटाळा आला आहे’ असे स्पष्टीकरण पुढे केले जाते, आणि त्यात दोष हळूच तिकीट काढणाऱ्याच्या माथी मारला जातो. ते स्पष्टीकरण मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे आपल्याच चित्रपटांच्या आधारे मांडण्याचा मला अधिकार आहे असे मी मानते.

‘आयर्न मॅन’ २००८ मध्ये आला तेव्हा मी कोल्हापुरात महाविद्यालयात शिकत होते. त्यानंतरच्या दशकात आपला प्रत्येक चित्रपट आमच्या मित्रमंडळाने पहिल्या आठवड्यात पाहिला. दिवे लागल्यावर आणि सफाई कामगार आत आल्यावरही आम्ही श्रेयनामावली संपेपर्यंत जागचे हलत नसू. आज मी पुण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि दरवर्षी विद्यार्थ्यांच्या एकांकिका बसवते. कोणते पात्र प्रेक्षकाला धरून ठेवते आणि कोणते नुसतेच रंगमंचावर वावरते, हे त्यांना समजावताना मी अनेकदा आपल्या चित्रपटांची उदाहरणे दिली आहेत, कारण ती त्यांना लगेच कळतात. हल्ली मात्र माझी भाची नव्या चित्रपटाचे नाव निघाले की पहिला प्रश्न विचारते, ‘मावशी, हा बघायच्या आधी काय काय बघावं लागेल?’ तेरा वर्षांच्या मुलीने उत्सुकतेने विचारावा असा हा प्रश्न नाही. तो तिच्यावर लादलेल्या अभ्यासाचा प्रश्न आहे.

जे जमले ते का जमले, हे आधी सांगते, कारण पुढच्या तक्रारी त्यावरच उभ्या आहेत. ‘आयर्न मॅन’चे चित्रीकरण सुरू झाले तेव्हा पटकथा पूर्ण नव्हती आणि अनेक प्रसंग सेटवरच घडवले गेले, असे त्यातले अभिनेते जेफ ब्रिजेस यांनी नंतर सांगितले आहे. माझ्या म्हणण्याच्या विरोधात हे उदाहरण कोणीतरी देईलच, म्हणून मीच ते पुढे ठेवते. संवाद कागदावर नव्हते, पण माणूस पक्का होता. शस्त्रे विकून गब्बर झालेला एक उद्योजक आपल्याच कंपनीच्या क्षेपणास्त्राने जखमी होतो, आपला माल कोणाकोणाच्या हाती पोहोचतो हे त्याला बंदिवासात दिसते, आणि त्याच्या सुटकेसाठी यिन्सेन नावाचा एक सज्जन माणूस स्वतःचा जीव देतो. यानंतर हा माणूस पूर्वीसारखा जगू शकेल का, हा त्या चित्रपटाचा प्रश्न आहे आणि लोखंडी चिलखत ही त्याने उत्तर शोधण्यासाठी केलेली खटपट आहे. आम्हाला चिलखत आवडले ते त्यामुळे.

अकरा वर्षांनी, बाविसाव्या चित्रपटात, म्हणजे ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये त्याच माणसाकडे तळ्याकाठचे घर आहे, मॉर्गन नावाची लहान मुलगी आहे, आणि जगाला वाचवण्याची विनंती घेऊन आलेल्या सहकाऱ्यांना तो आधी नकार देतो. तो नकार आम्हाला पटतो, म्हणूनच नंतरचा होकार जड वाटतो. शेवटच्या क्षणी त्याच्या तोंडी असलेले ‘मी आयर्न मॅन आहे’ हे वाक्य मूळ चित्रीकरणात नव्हते. संपादक जेफ फोर्ड यांच्या सूचनेवरून ते नंतर चित्रित करून जोडले गेले. म्हणजे उशिरा केलेले बदल वाईटच असतात असेही नाही. पात्र कुठून कुठे आले आहे हे ठाऊक असलेल्या माणसांनी ते केले, की एक वाक्य अकरा वर्षांची गाठ बांधून देते. त्या चित्रपटाने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर कमावले. अंतराळातून येणारी सैन्ये त्याआधीही पुष्कळ चित्रपटांत होती. लोक टोनी स्टार्कसाठी आले होते.

‘ब्लॅक पँथर’चेही तसेच. शेवटची मारामारी संगणकावर अर्धवट राहिल्यासारखी दिसते, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती खरी होती. तरीही चित्रपट उणावला नाही, कारण खलनायक किलमाँगरचा आरोप खरा होता. एवढी शक्ती आणि संपत्ती हाती असताना वकांडा हा देश लपून राहिला आणि जगभरचे कृष्णवर्णीय सोसत राहिले, या आरोपाला राजा टचाला उत्तर देऊ शकत नाही. खलनायक मरतो आणि नायक त्याच्या म्हणण्यातला न्याय स्वीकारून देशाचे दरवाजे उघडतो. दुसऱ्या स्टुडिओच्या ‘द डार्क नाइट’मध्ये बॅटमन हार्वी डेंटचे गुन्हे स्वतःच्या अंगावर घेतो आणि शहराच्या नजरेतून उतरतो. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’मध्ये पीटर पार्करला जग सावरायचे तर जिवलगांच्या स्मृतीतून स्वतःला पुसून टाकावे लागते. या प्रत्येक चित्रपटात नायकाच्या निर्णयाची किंमत त्याच्याकडून खरोखर वसूल केली जाते, आणि पुढच्या भागात ती परत दिली जाणार नाही असा विश्वास आम्हाला वाटलेला असतो. माझ्या मते सुपरहिरोंच्या चित्रपटांचे यश या विश्वासावर चालते, आणि आपण नेमका तोच खर्चून टाकला आहे.

माझी पहिली तक्रार याच विश्वासाबद्दल आहे. ‘वांडाव्हिजन’ या मालिकेत जादुई शक्ती असलेल्या वांडाने आपल्या दुःखासाठी एक अख्खे गाव वेठीला धरले, ते तिला उमगले, आणि मनाने रचलेले कुटुंब तिने स्वतःच्या हाताने सोडून दिले. आपल्या मालिकांमधला हा सर्वांत हळवा शेवट असेल. पुढच्याच वर्षी डॉक्टर स्ट्रेंजच्या दुसऱ्या चित्रपटात तीच वांडा त्याच मुलांसाठी माणसे मारत सुटली, आणि कारण म्हणून एका शापित ग्रंथाकडे बोट दाखवले गेले. आम्ही नऊ भाग तिच्यासोबत घालवले, त्याचे मग काय झाले? ‘इटर्नल्स’च्या शेवटी हिंदी महासागरातून एक अवाढव्य देवतासदृश देह वर येतो आणि दगड होऊन तिथेच उभा राहतो. त्या महासागराच्या काठावरच्या देशात आम्ही राहतो. ओझरता उल्लेख सोडला तर आपल्या विश्वातल्या कोणालाही त्याची दखल घ्यायला फेब्रुवारी २०२५ मधला ‘कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ उजाडावा लागला. ज्या जगात एवढी घटना घडूनही कोणाला काही वाटत नाही, त्या जगाच्या विनाशाची भीती प्रेक्षकाला कशी वाटावी?

दुसरी तक्रार: एक तिकीट काढून आलेल्या माणसाला आपण एक पूर्ण चित्रपट देत नाही. ‘कॅप्टन मार्व्हल’ने २०१९ मध्ये ११३ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली होती, तिचाच पुढचा भाग ‘द मार्व्हल्स’ २०२३ मध्ये सुमारे २० कोटी ६० लाखांवर थांबला. कलाकारांच्या संपामुळे त्याची प्रसिद्धी नीट झाली नाही हे खरे आहे आणि तेवढी सूट दिलीच पाहिजे. पण त्यातल्या तीन नायिकांपैकी मोनिकाला शक्ती कुठून मिळाली हे एका मालिकेत होते आणि कमला कोण हे दुसऱ्या मालिकेत, त्यामुळे चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला एकीशीच ओळख दाखवता येत होती. इमान वेल्लानीची कमला ही आपण अलीकडे घडवलेल्या पात्रांपैकी सर्वांत जिवंत मुलगी आहे, फाळणीच्या जखमेपर्यंत जाणारी तिच्या घराची कथा आमच्या उपखंडाची आहे, आणि तरीही तिला दीड-पावणेदोन तासांच्या गर्दीत उरकले गेले, याचे मला फार वाईट वाटते. जुलै २०२५ मध्ये आपण स्वतः पत्रकारांना सांगितले की ‘एंडगेम’पर्यंतच्या वर्षांत आपण सुमारे ५० तासांच्या कथा दिल्या आणि नंतरच्या सहा वर्षांत १०० तासांहून अधिक, आणि संख्या गुणवत्तेवर वरचढ ठरली. ही कबुली प्रामाणिक होती आणि तिचा मी आदर करते. पण त्या तासांचा हिशेब आमच्या संध्याकाळींत आणि आमच्या वर्गणीत मांडला गेला आहे.

तिसरी तक्रार अशी की पात्रांची मापे आपण विसरला आहात. २०१५ च्या ‘अँट-मॅन’मध्ये शेवटची झुंज एका लहान मुलीच्या खोलीत, तिच्या खेळण्यातल्या आगगाडीवर होते. तुरुंगातून सुटलेला, मुलीच्या नजरेत चांगला बाप ठरू पाहणारा भुरटा चोर, आणि त्याच्यासाठी पणाला लागलेले त्याच्या मुलीचे घर, एवढेच पुरेसे होते. २०२३ च्या तिसऱ्या भागात सॅन फ्रान्सिस्को जवळपास नाहीसे झाले, त्याचा बडबड्या मित्र लुईस चित्रपटातच नव्हता, आणि सगळे कुटुंब संगणकावर रचलेल्या जांभळ्या अवकाशात जाऊन एका नव्या महाखलनायकाची ओळख करून देण्याच्या कामाला लागले. त्या कांगला पुढच्या अ‍ॅव्हेंजर्सपटांचा कणा व्हायचे होते, आणि पहिल्याच मोठ्या चित्रपटात मुंग्यांनी त्याला लोळवले. ‘थॉर: लव्ह अँड थंडर’मध्ये मुलीच्या मृत्यूने पेटलेला खलनायक गॉर आहे, कर्करोगाने झिजत चाललेली जेन आहे, आणि या दोघांच्या मध्ये किंचाळणारे बोकड पुन्हा पुन्हा आणले जातात. विनोदाला माझा विरोध नाही. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या तिन्ही भागांत विनोद आहे. पण तिसऱ्या भागात रॉकेट या पात्राच्या पिंजऱ्यातल्या मित्रांवर दिग्दर्शक जेम्स गन यांनी एकही विनोद खर्चला नाही, आणि त्याच २०२३ मध्ये, जेव्हा प्रेक्षक कंटाळले म्हणून सांगितले जात होते, त्या चित्रपटाने ८४ कोटी डॉलर कमावले.

चौथी तक्रार तारखांची आहे, आणि बाकीच्या तक्रारींचे मूळ मला इथेच दिसते. ‘ब्लेड’ आपण २०१९ मध्ये जाहीर केला. दिग्दर्शक येऊन गेले, तारखा आल्या आणि गेल्या, शेवटी चित्रपट वेळापत्रकातूनच उतरला. ‘कांग डायनेस्टी’ २०२२ मध्ये जाहीर झाला. कांगच्या भूमिकेतील अभिनेत्याला न्यायालयाने दोषी ठरवल्यावर आपण त्यांना दूर केले, तो निर्णय योग्यच होता, पण त्यानंतर जागा तीच राहिली आणि तिथे दुसरी गोष्ट बसवली गेली. तारीख आधी ठरणे यातच काही वावगे आहे असे मी म्हणत नाही. आमच्या एकांकिका स्पर्धांच्याही तारखा आधी ठरलेल्या असतात. संहिता उभी राहिली नाही तर त्या वर्षी उतरायचे नाही, एवढे मात्र अकरावीतल्या मुलांनाही समजते आणि ती रडतात, पण ऐकतात. आपल्याकडे ‘अजून तयार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, हे बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही.

त्या घाईचा भार शेवटी दृश्य परिणाम करणाऱ्या कलाकारांवर पडतो. शेवटची झुंज कशी असेल हेच उशिरा ठरत असेल तर ती चांगली दिसणार कशी? सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या दृश्य परिणाम विभागातील कर्मचाऱ्यांनी संघटना स्थापण्याच्या बाजूने एकमताने मतदान केले. सुखाने काम करणारे लोक अशा एकमताला येत नाहीत. बाहेरच्या कंपन्यांकडे जाणारे काम मुंबईतही होते, आणि त्या कलाकारांना ही संघटना लागू नाही. श्रेयनामावलीत आडनावे ओळखीची दिसू लागली की आम्हाला अभिमान वाटतो, आणि त्या लोकांना किती रात्री जागायला लावले असेल हा विचारही लगेच मनात येतो.

आता ‘थंडरबोल्ट्स’बद्दल. तो चांगला चित्रपट आहे. त्यातल्या येलेना या नायिकेच्या रितेपणावर तो खोटे औषध लावत नाही आणि शेवटचा पेच ठोशांनी न सोडवता एका माणसाला एकटे न सोडण्यातून सोडवतो. मी तो विद्यार्थ्यांना आवर्जून पाहायला सांगितला. तरी तो सुमारे ३८ कोटी डॉलरवर राहिला. यावरून चांगल्या चित्रपटांनाही आता प्रेक्षक नाही असा निष्कर्ष काढला जाऊ नये. आधीच्या चित्रपटांनी उडवलेला विश्वास पुढच्या चांगल्या चित्रपटाला फेडावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि आपण त्याला काय मदत केली? प्रदर्शनाला आठवडाही झाला नव्हता, तोच जाहिरातींतून त्याचे नाव बदलून ‘द न्यू अ‍ॅव्हेंजर्स’ केले आणि शेवटचे गुपित फलकावर लावले. पगार झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात तिकीट काढणारा प्रेक्षक आपल्या लेखी मोजला जात नाही, असाच याचा अर्थ मी घेतला.

आणि म्हणून डॉक्टर डूमकडे परत येते. जुने चेहरे आणूच नयेत असे माझे म्हणणे नाही. ‘नो वे होम’मध्ये जुन्या चित्रपटांतला अँड्र्यू गारफील्डचा पीटर कोसळणाऱ्या एमजेला झेलतो, तेव्हा आपल्या प्रेयसीला, ग्वेनला, वाचवू न शकलेल्या माणसाला त्याचे उरलेले काम करायला मिळालेले असते, म्हणून टाळ्यांबरोबर डोळेही भरतात. उलट दुसऱ्या एका स्टुडिओच्या ‘द फ्लॅश’मध्ये हयात नसलेल्या अभिनेत्यांचे चेहरे संगणकाने उभे केले गेले, आणि त्यांना गोष्टीत काहीच काम नव्हते. डाउनी यांच्या पुनरागमनाला यांतला कोणता मार्ग मिळणार? स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये निर्माण केलेला डूम हा लॅटव्हेरियाचा राजा आहे, वैज्ञानिक आहे, मांत्रिक आहे, आणि आपला विद्रूप चेहरा जगाला दिसू न देणे हा त्याच्या गर्वाचा गाभा आहे. ज्या पात्राचा चेहरा दिसू नये, त्याची निवड एका ओळखीच्या चेहऱ्यासाठी झाली असेल, तर टोनी स्टार्कचेही नुकसान आहे आणि डूमचेही. याआधी दुसऱ्या स्टुडिओने २००५ आणि २०१५ मध्ये डूमला पडद्यावर आणले आणि दोन्ही वेळा त्याच्या वाट्याला न्याय आला नाही. तिसऱ्यांदा तसे होऊ नये.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

ज्या चित्रपटाची गोष्ट लेखक आणि दिग्दर्शक शेवटापर्यंत सांगू शकत नाहीत, त्याची तारीख आणि कलावंत जाहीर करू नयेत. जाहीर झालेल्या चित्रपटाची गोष्ट उभी राहिली नसेल तर तारीख उघडपणे पुढे ढकलावी, आम्ही थांबू. प्रत्येक चित्रपट, त्याआधी काहीही न पाहिलेल्या माणसाला सुरुवातीपासून शेवटापर्यंत कळावा. मालिकांचा संदर्भ आवश्यक असेल तर तो चित्रपटातच माणसांच्या तोंडून आणि वागण्यातून यावा. दृश्य परिणामांचे काम शेवटची झुंज निश्चित झाल्यानंतरच सुरू व्हावे, आणि बाहेरच्या कंपन्यांशी करार करताना, मग ते काम मुंबईत होवो की मॉन्ट्रियलमध्ये, कामाचे तास आणि जादा कामाचा मोबदला यांच्या अटी मार्व्हलने लेखी घालाव्यात. प्रदर्शनानंतर किमान महिनाभर चित्रपटाचा शेवट जाहिरातीत वापरू नये.

‘डूम्सडे’बाबत एकच मागणी आहे. व्हिक्टर व्हॉन डूमला त्याचे स्वतःचे राज्य, स्वतःचा अपमान आणि स्वतःची महत्त्वाकांक्षा द्यावी. तो टोनीसारखा दिसत असेल तर त्याचे कारण गोष्टीत असावे, आणि ते कारण टोनीचा मृत्यू रद्द करणारे नसावे. मॉर्गन स्टार्कचा बाप गेलेला आहे. तो गेलेलाच राहू द्यावा.

आपली विश्वासू,
एक मराठी प्रेक्षक
पुणे